गाव कंचं?

आप्पांनी कुणाला आधी नाव विचारलेलं मला आठवत नाही. दारात पाहुणा येवो, एसटीत शेजारी कुणी बसो, पहिला प्रश्न ठरलेला: "गाव कंचं?" त्यानंतर भावकी, आणि नाव सगळ्यात शेवटी. मला बघायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी चहा यायच्या आत हाच प्रश्न टाकला होता, आणि मुलाच्या मामांचा समज झाला की जमिनीची चौकशी सुरू झाली. लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर ते १९८५ पासून ३१ वर्षं मुनीम होते. खेड्यातून आलेल्या माणसाची सवय, यापलीकडं मी या प्रश्नाचा कधी विचार केला नाही. त्यात डेटाबेसचं एक अख्खं प्रकरण दडलंय हे कळायला मला एक सोयाबीनचा हंगाम आणि पुष्कळशी लाज मोजावी लागली.

पुण्यात ९ वर्षं मी वेब अ‍ॅप्लिकेशनं लिहिली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लॅपटॉप घेऊन लातूरला आले ती इथंच राहिले. आप्पांच्या जुन्या दुकानाचे मालक म्हणाले, हिशेबाचं काहीतरी करून दे. मालक म्हणजे आता भैया. त्यांचे वडील आप्पांचे सावकार. केलं करून. आवक, सौदा, वजन, पट्टी, उचल, बाकी. वेब अ‍ॅप्लिकेशन लिहायचा सांगाडा लॅरावेल, डेटाबेस मायएसक्यूएल आणि महिन्याच्या भाड्याचा २ जीबी मेमरीचा सर्व्हर. एकाचं बघून दुसऱ्यानं घेतलं, तिसऱ्या वर्षी १४ दुकानं झाली. सगळ्यांचा डेटा एकाच डेटाबेसात, दुकानाचा क्रमांक टाकून वेगळा केलेला. पहिल्या दुकानाला सगळं झटपट चालायचं. पहिल्या दुकानाला काहीही झटपटच चालतं.

ज्यांचा मोंढ्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतकरी माल घेऊन येतो, सौदा होतो, काट्यावर वजन होतं, आणि मग खिडकीवर त्याची पट्टी निघते: इतके क्विंटल, इतका भाव, हमाली-तोलाई वजा, आधी घेतलेली उचल वजा, हातात इतके. ही उचल वजा करायची तर त्याच्या खात्यावरची बाकी त्या क्षणी समोर पाहिजे. पेरणीला बी-बियाण्यासाठी नेलेले, मधे दवाखान्याला नेलेले, पोराच्या फीला नेलेले, सगळे.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. सोयाबीनच्या कट्ट्यांची थप्पी रस्त्यापर्यंत आलेली. भैयांचा फोन आला, "ताई, जरा दुकानावर येऊन बघा." गेले. काउंटरवरच्या पोरानं खातं उघडलं आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. मी मनात मोजलं. ११ सेकंद. पट्टी निघाली. दुसरा शेतकरी, परत ११. रांगेत पंधरा-वीस माणसं. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "बाई, ते ऱ्हाऊ द्या, हातानं लिव्हा. काळीपिवळी निघून जाईल." आणि त्या पोरानं खणातून जुनं कार्बनचं पट्टीबुक काढलं, माझ्यासमोर, आणि हातानं लिहायला सुरुवात केली. पट्टीबुक जवळच होतं, याचा अर्थ ते गेले काही दिवस रोज निघत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

त्या रात्री मी केलं तेच, जे आपण सगळे घाबरल्यावर करतो. मोठा सर्व्हर घेतला. २ जीबीचा ८ जीबी केला. सकाळी बघितलं, ११ चे १० सेकंद झाले होते.

लातूरकरांना हे कळायला जड जाऊ नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आपल्याकडं पाण्याची रेल्वे आली होती. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. पाणी आलं हे खरंच. पण आमच्या गल्लीत घागर भरायला लागणारा वेळ रेल्वेच्या लांबीवर ठरत नव्हता, टँकरच्या पाळीवर ठरत होता. एकूण किती वाहतं ही एक गोष्ट, आणि एका माणसाच्या पदरात पडायला किती वेळ लागतो ही दुसरी. मोठा सर्व्हर पहिलीला मदत करतो. माझं दुखणं दुसरं होतं.

शिवाय तो सर्व्हर मी नुसताच घेतला होता. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन टेबलांची पानं मेमरीत ठेवायला जी जागा वापरतं, त्या बफर पूलचं मूळचं माप १२८ एमबी असतं. तुम्ही सांगितलं नाही तर ते तेवढंच राहतं, सर्व्हर केवढाही घ्या. वाडा बांधून दिला आणि पाहुणा आपला ओसरीवरच्या चटईवर बसून. माझं व्यवहारांचं टेबल तोपर्यंत १२८ एमबीच्या पुढं गेलेलं. दर वेळी अर्धी पानं आत यायची तेव्हा आधीची बाहेर ढकलली जायची. ४ जीबी दिल्यावर ७ सेकंद झाले. बरं वाटलं, पण ७ सेकंदांतही काळीपिवळी निघून जाते.

पुण्याच्या एका मित्राला फोन केला. त्यानं पाच मिनिटांत निदान केलं: "मायएसक्यूएल काढ. मोंगो टाक. निदान रेडिस तरी लाव पुढं." ही माणसं मला ओळखीची आहेत, कारण मी त्यांच्यातलीच एक होते. २००९ साली मोंगोडीबी आणि रेडिस हे दोन्ही डेटाबेस आले, आणि त्यानंतर काही वर्षं आमच्या धंद्यात 'जुना डेटाबेस सोडा' हेच उत्तर होतं, प्रश्न कुठलाही असो. रेडिस वाईट नाही. आमची गंजगोलाई बघा. मधे जगदंबेचं देऊळ आणि भोवती १६ रस्ते. सराफा एका अंगाला, मिरची दुसऱ्या, गूळ तिसऱ्या. मिरची म्हटलं की पाय आपोआप त्या रस्त्याला लागतात, बाकीच्या १५ रस्त्यांशी देणंघेणं नाही. किल्ली दिली की वस्तू हातात, रेडिसचा नेहमीचा वापर हा असा. पण "१०० ते २०० रुपयांत मिळणारं जे जे असेल ते दाखवा" म्हटलं की १६ रस्ते पायी फिरा. मला तर तारखेपासून तारखेपर्यंत, गावानुसार, बाकीसकट सगळं लागत होतं. आणि कॅश लावून, म्हणजे एकदा काढलेलं उत्तर मेमरीत ठेवून परत तेच देऊन, मी काय केलं असतं? चुकीची बाकी फक्त लवकर दाखवली असती.

मित्राचं ऐकलं नाही याचं श्रेय माझ्या शहाणपणाला नाही. हंगामाच्या मधोमध १४ दुकानांचा डेटा हलवायची छाती झाली नाही, एवढंच.

मग जे पहिल्या दिवशी करायचं ते पाचव्या दिवशी केलं. स्लो क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या ज्या प्रश्नांना (क्वेरींना) वेळ लागतो त्यांची नोंदवही, चालू केला. मायएसक्यूएलमध्ये तो मुळात बंदच असतो. चालू करून तासभर बसले. लॉग कोरा. एकही ओळ नाही. समोर दुकानात पोरगं ७ सेकंद थांबतंय आणि डेटाबेस म्हणतोय, माझ्याकडं हळू काहीच नाही. नंतर डोक्यात प्रकाश पडला: त्या लॉगच्या लेखी 'हळू' म्हणजे १० सेकंदांच्या वर, तसं ठरवूनच दिलेलं असतं. ते ०.२ वर आणलं आणि लॉग असा धो धो वाहायला लागला की डोळे ठरेनात. सगळीकडं एकच क्वेरी. या खात्याची बाकी काढा. त्या खात्याची बाकी काढा. पुढच्याची काढा.

पट्टीच्या पडद्यावर डावीकडं त्या दिवशी माल आलेल्या शेतकऱ्यांची यादी होती, एका पानावर ३० नावं, प्रत्येकापुढं बाकी. भैयांनी मागितली म्हणून दिली होती. मी लिहिताना एक सरळ ओळ लिहिलेली: यादीतल्या प्रत्येकासाठी बाकी दाखव. लॅरावेलनं ती निमूट ३० वेळा डेटाबेसकडं नेली. यादीसाठी एक फेरी आणि नावागणिक एकेक. या रोगाला आमच्यात 'एन अधिक एक' म्हणतात. मोठ्या सर्व्हरच्या आधी दर फेरीला ०.३५ सेकंद लागत होते. ३० गुणिले ०.३५. माझे ११ सेकंद तिथं सापडले. एकेक क्वेरी पाहावी तर कुणीच दोषी नाही. भाकरीसाठी पीठ घ्यायला दर भाकरीला गिरणीवर जाणाऱ्या बाईला तुम्ही हळू चालतेस म्हणाल का?

आता ०.३५ सेकंद तरी का? एक्सप्लेन चालवलं. ही मायएसक्यूएलची सगळ्यात प्रामाणिक आज्ञा आहे. क्वेरी कशी चालवायचा विचार आहे ते ती आधी सांगते. प्रकाराच्या रकान्यात शब्द होता 'ऑल', आणि तपासायच्या ओळी ७ लाखांच्या घरात. एका माणसाची बाकी काढायला १४ दुकानांचे ३ वर्षांचे सगळे व्यवहार पहिल्या पानापासून वाचले जात होते. खाते क्रमांकावर इंडेक्सच नव्हता, म्हणजे कुठल्या खात्याच्या ओळी कुठं आहेत ते सांगणारी सूची. फॉरेन की, म्हणजे व्यवहाराची ओळ खात्यांच्या टेबलाशी बांधणारी जोडणी, लावली असती तर इनोडीबीनं तो आपण होऊन केला असता (पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस करत नाही, तिथं पुष्कळजण फसतात). घाईत मी फॉरेन कीच लावली नव्हती. ९ वर्षांचा अनुभव.

त्या रात्री जेवताना मी आप्पांना सहज विचारलं, तुमच्या वेळी एवढ्या रांगेत तुम्ही बाकी कशी सांगत होता? ते काही बोलले नाहीत. ताटावरून उठले, हात धुतले आणि माळ्यावरची ट्रंक काढायला लावली.

लाल कापडाच्या पुठ्ठ्याची लांबट वही, दोरीनं बांधलेली. पानाला छापील रेघा नाहीत, घड्या घालून सळ पाडलेले आणि तेच रकाने. डावीकडं जमा, उजवीकडं नावे. आप्पांनी एकाऐवजी दोन वह्या काढल्या. एक कीर्द, एक खतावणी. दिवसभर जे घडेल ते घडेल त्या क्रमानं कीर्दीत. कोण आला, किती नेले, किती ठेवले. कीर्दीत शोधाशोध करायची नसते, नुसतं लिहीत जायचं. संध्याकाळी मोंढा शांत झाला की कीर्दीतली एकेक रक्कम उचलून खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर खतवायची. कीर्दीत त्या नोंदीशेजारी खतावणीचं पान लिहायचं, खतावणीत कीर्दीचं. खतावणीच्या सुरुवातीला चार पानं नुसती नावांची. "माणूस खिडकीवर आला की दोन पानं उलटायची," आप्पा म्हणाले. "यादीचं एक, त्याचं एक. तळाला बाकी. कीर्द कशाला चाळायची?"

मी ७ लाख ओळींची कीर्द ३० वेळा चाळत होते.

इंडेक्स म्हणजे खतावणी, हे मला पुस्तकात कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावून पुढं गेले असते. ज्या रचनेवर आजचे बहुतेक इंडेक्स उभे आहेत तो बी-ट्री रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्रेट यांनी बोइंगच्या संशोधन विभागात असताना मांडला. त्यांचा निबंध १९७२ साली छापून आला. त्यातला 'बी' कशाचा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. युक्ती आप्पांचीच: यादीचं पान, त्यावरून पुढचं पान, त्यावरून हवं ते पान. इनोडीबीचं एक पान १६ केबीचं, त्यात शेकड्यांनी नावं मावतात, म्हणून लाखो ओळींतून हवी ती गाठायला तीनेक पानं पुरतात. आणि कीर्दसुद्धा डेटाबेसात आहेच. बदल आधी घडेल तसा रिडू लॉगमध्ये ओळीनं लिहिला जातो, टेबलाची पानं नंतर सवडीनं दुरुस्त होतात. मधेच वीज गेली तर लॉग वाचून पानं पुरी करता येतात. मी विचारलं, खतावणी अर्धवट राहून तुम्ही आजारी पडलात तर? "कीर्द हाय की," आप्पा म्हणाले. "दुसरा कुनीबी खतवील."

इंडेक्स टाकला. ३० फेऱ्यांची एक क्वेरी केली. सगळा पडदा पाव सेकंदात उघडायला लागला. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मी खतावणीच्या यादीची पानं बघत बसले आणि एक गोष्ट खटकली. नावं अकारविल्हे नव्हती. आधी गाव. औसा, त्याखाली माणसं. चाकूर, त्याखाली माणसं. निलंगा, रेणापूर.

"नावावरनं का नाही?"

"एका नावाचे चाळीस पाटील हाईत. गावात बघितलं तर चारच."

आता आमच्या शोधाच्या चौकटीत काय होतं? फक्त नाव. पोरगं 'पाटील' टाइप करायचं, आणि मी क्वेरीत दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण लावून ठेवलेली, म्हणजे नावात कुठंही पाटील असला तरी चालेल. दोन्हीकडून मोकळ्या अशा शोधाला साध्या इंडेक्सचा आधार मिळत नाही. ज्याचं पहिलं अक्षरच माहीत नाही तो शब्द कोशात शोधून बघा. त्यात कुणी शिवाजी ऱ्हस्व लिहितो कुणी दीर्घ, आणि कुणी काउंटरवर नावापुढं 'ट्रॅक्टरवाले' जोडून ठेवलेलं. सापडलं नाही की पोरगं नवं खातं उघडायचं. एकेका माणसाची तीन-तीन खाती झाली होती आणि बाकी तिन्हीत वाटलेली.

दोन-तीन रकान्यांचा मिळून इंडेक्स करतात तेव्हा रकान्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. दुकान, गाव, नाव असा केला तर दुकान आणि गाव दिल्यावर तो उपयोगी पडतो, तिन्ही दिल्यावर तर उत्तमच. पण गाव गाळून नुसतं नाव दिलंत तर त्या इंडेक्सचा फारसा उपयोग नाही. डावीकडून सुरुवात करावी लागते. हे मी मुलाखतींत दहादा घोकून सांगितलेलं उत्तर आहे. आणि माझ्या घरात एक माणूस ३१ वर्षं रोज शंभर वेळा डावीकडचा रकाना आधी विचारत होता: गाव कंचं?

पडद्यावर नावाच्या वर गावाची चौकट आणली. या एका बदलानं जे साधलं ते कुठल्याही सेटिंगनं साधलं नसतं. मला अजून वाटतं की आमच्या धंद्यात ट्यूनिंग म्हणून जे चालतं त्यातलं बरंचसं काम डेटाबेसच्या बाहेर, माणूस खिडकीवर येऊन काय विचारतो ते ऐकण्यात आहे. तसं ऐकायला मोंढ्यात जावं लागतं. मी लहानपणी तिथं वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला जायचे, नवा फ्रॉक घालून; पोरीबाळींचं मोंढ्यात काय काम.

यशानं माणूस चळतो. पुढच्या आठवड्यात मी ९ इंडेक्स टाकले. तारखेवर, वाणावर, खरेदीदारावर, वाहनाच्या नंबरावरसुद्धा. संध्याकाळी दिवसाचे सौदे एकगठ्ठा चढवायचं काम होतं, ते रेंगाळायला लागलं. प्रत्येक नवी ओळ म्हणजे ९ ठिकाणी नोंद. आप्पांना हे सांगितलं तर ते हसले. सावकारांनी एकदा खरेदीदारांचीही वेगळी खतावणी ठेवायला सांगितली होती. आप्पांनी महिनाभर ठेवली आणि वही नेऊन त्यांच्या गादीवर ठेवली: "रात्री अकरा वाजूलालेत घरी जायला. ही पाहिजे तर दुसरा मुनीम बघा." वर्षातून दोनदा लागणाऱ्या उत्तरासाठी रोज हात दुखवायचे नाहीत. मी ५ इंडेक्स काढून टाकले. वाहनाच्या नंबरावरचा तर एकदाही वापरला गेला नव्हता.

खात्यावरच्या बाकीच्या बाबतीत मात्र मी आप्पांची नक्कल करताना तोंडावर आपटले. दिवाळी पाडव्याला नवी वही निघते, आणि जुन्या वहीतली फक्त बाकी नव्या वहीत ओढतात. त्यामुळं कुणाचीही बाकी काढायला फार तर एका वर्षाच्या नोंदी. माझी क्वेरी पहिल्या दिवसापासूनची बेरीज करायची. म्हणून मी खात्याच्या ओळीतच 'चालू बाकी' असा रकाना ठेवला आणि दर व्यवहाराला तो बदलत गेले. पंधरा दिवसांनी एका खात्यात १२४० रुपयांचा फरक निघाला. एकाच वेळी दोन खिडक्यांवरून त्याच खात्यावर नोंद झाली होती. दोघांनी जुनी बाकी वाचली, दोघांनी आपापली रक्कम मिळवून लिहिली, आणि दुसऱ्यानं पहिल्याचं पुसलं. खतावणीत हे होत नव्हतं, कारण वही एक आणि मुनीम एक. डेटाबेसात त्या मुनिमाचं काम ओळीच्या कुलपाला करावं लागतं: आधी ओळ धरायची, मग वाचायची, लिहायची, सोडायची, सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर सगळं, नाही तर काहीच नाही. मोंगोला नाही म्हटलं ते बरं झालं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. अनेक डॉक्युमेंटांवर (मोंगोतल्या नोंदींवर) मिळून ट्रान्झॅक्शन त्यातही २०१८ पासून आहे, ४.० आवृत्तीपासून, पण पैशाच्या हिशेबाला जे घराण्यात मुरलेलं आहे ते मला हवं होतं.

घराण्यावरून आठवलं. आमच्याकडं माय म्हणजे आई. मायएसक्यूएलमधलं 'माय' मात्र मुलीचं नाव आहे. ते लिहिणाऱ्या मायकेल विडेनियसच्या मुलीचं. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं मायएसक्यूएल कंपनी विकत घेतली, २०१० मध्ये ती ओरॅकलकडं गेली, आणि विडेनियसनं त्याच कोडमधून नवा फाटा काढला तो मारियाडीबी. मारिया ही धाकटी. मुनिमाच्या पोरीला ही गोष्ट आवडणारच.

ट्रंकेतल्या वह्या परत ठेवताना १९९३ ची खतावणी हाताशी आली. वर्ष दिवाळीला बदलतं, म्हणजे ती वही नोव्हेंबरात बंद झालेली. औशाच्या खालच्या पानांवर किल्लारीची खाती होती. भाद्रपदातल्या नोंदी आहेत. सणाला नेलेले शंभर, दोनशे. मग काही नाही. ३० सप्टेंबरची पहाट, अनंत चतुर्दशीची रात्र नुकती सरलेली. बाकीच्या गावांच्या प्रत्येक खात्याच्या तळाला 'बाकी नव्या वहीत ओढली' असं आप्पांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय. या काही पानांवर नुसती आडवी रेघ. मी विचारलं नाही. आप्पांनी दोरी बांधली.

माझ्या टेबलात अशी रेघ मारायची सोय नव्हती. खातं एक तर होतं, नाही तर पुसलेलं. मी 'बंद' असा रकाना घातला, त्याशेजारी कारणाची जागा. तेव्हा पोस्टग्रेसची आठवण आली, कारण त्यात अर्धवट इंडेक्स करता येतो: फक्त चालू खात्यांचाच, बंद खाती त्यात येतच नाहीत. मायएसक्यूएलमध्ये ही सोय नाही. आज कोऱ्या पाटीवर सुरुवात केली असती तर मी पोस्टग्रेस घेतलं असतं. बर्कलेत १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकरांनी सुरू केलेलं ते काम अजून वाढतंय, आणि मला त्याची शिस्त आवडते. पण चालू मोंढ्यात एवढ्यासाठी गादी हलवत नाहीत.

हलवली ती एकच गोष्ट. आमच्याकडं पावसात इंटरनेट जातं, उन्हाळ्यात रस्ता खोदला की जातं. म्हणून दुकानातल्या संगणकावर एक छोटा एसक्यूलाइट ठेवला. नेट नसलं तरी पट्टी निघते, नेट आलं की नोंदी वर जातात. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली लिहिला, अमेरिकी आरमाराच्या युद्धनौकेवरच्या कामातून. दूरच्या सर्व्हरवाचून चालेल असा डेटाबेस त्यांना हवा होता. एका वेळी एकच जण लिहू शकतो ही त्याची मर्यादा सांगतात. एका खिडकीला एक मुनीम असतो, मला ती अडचण वाटली नाही.

यंदाच्या हंगामात पहिल्या आठवड्यात मी भैयांच्या दुकानात काउंटरच्या मागं स्टुलावर बसून होते. पट्ट्या भराभर निघत होत्या. पोरगं मान वर न करता प्रत्येकाला विचारत होतं, "गाव कंचं?" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात धोतर नेसलेले एक गृहस्थ पुढं आले. सत्तरीचे असतील.

"गाव कंचं?"

"किल्लारी," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "जुनं लिव्हता का नवं?"

पोरानं माझ्याकडं बघितलं. भूकंपानंतर गाव दुसऱ्या जागेवर वसलं. यादीत मी किल्लारी एकदाच घातली होती. मी आप्पांना फोन लावला. म्हटलं, किल्लारीचे एक जण आलेत, तुमच्या वेळचं खातं असावं.

पलीकडं थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"नाव काय त्यांचं?" आप्पांनी विचारलं.